करंगळीचं बटण

"उजवा हात काउंटरवर ठेवा, ताई," ती बाई म्हणाली.

"डावा ठेवलाय की," मी म्हणाले. "त्याला जमेल असं काय असेल ते दाखवा."

"चप्पल घ्यायला गेल्यावर एकच पाय दाखवता का?"

मी उजव्या हातावरची ओढणी नीट केली. शेजारी उभ्या असलेल्या माझ्या भावानं, परमेश्वरनं, घाईघाईनं तोंड घातलं, "मॅडम, तिच्या त्या हाताला जरा लागलंय. तुम्ही एका हातानं चालणारा रिमोट दाखवा. फोनवर बघितलंय मी, तसा मिळतो."

"रिमोट टीव्हीचा असतो. याला कंट्रोलर म्हणतात," ती म्हणाली आणि मागच्या फडताळाकडे वळली.

'जरा लागलंय'! सहा महिन्यांपूर्वी भोसरीतल्या एका कारखान्यात पॉवर प्रेसखाली माझ्या उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली होती, आणि माझा सख्खा भाऊ त्याला जरा लागलंय म्हणत होता. पण त्याच्यावर तरी कसं चिडणार? पट्टी सुटल्यापासून त्यानं तो हात पाहिलाच नव्हता. मी दाखवला नव्हता. दळणाला जा, दवाखान्यात जा, ओढणीचं टोक त्या हातावर असायचंच. शेजारच्या काकूंना तर बरेच दिवस वाटत होतं की मी सोवळं पाळते.

आम्ही मूळचे लातूरकडचे. मी मोठी, परमेश्वर चार वर्षांनी धाकटा. आमच्याकडे या नावाची पोरं गल्लीत दोन-तीन तरी असतात, त्यामुळे त्याला नावाचं ओझं कधी वाटलं नाही. आधी मी भोसरीत आले, मग त्याला बोलावून घेतलं. दोघं एकाच कारखान्यात, एकाच खोलीत. मी प्रेसवर ऑपरेटर, तो सेटर. सेटर म्हणजे मशीनमध्ये साचा बसवून देणारा. आम्ही साच्याला डाय म्हणतो. डाय बसवली की सेटर एकदा मशीन मारून बघतो, आणि मारायच्या आधी ओरडतो, "हात बाहेर?" ऑपरेटरनं दोन्ही हात छातीपाशी धरून उत्तर द्यायचं, "बाहेर!" त्याशिवाय पहिला दणका पडत नाही. परमेश्वर हे इतकं मनापासून ओरडायचा की बायका त्याची नक्कल करायच्या. मीच सगळ्यात जास्त.

प्रेसला पुढं दोन बटणं असतात, दीड हात अंतरावर. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो. दोन्ही हात बटणांवर असले म्हणजे डायमध्ये कुठला हात राहणार? इतकी साधी गोष्ट आहे. बटणं दोन कशाला, हे पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगतात. दुसऱ्या दिवसापासून ती एक कशी करायची, हे सगळे एकमेकांना शिकवतात.

गुरुवारी भोसरीला सुट्टी. तेव्हा आम्ही गेम खेळायचो. खोली सोडून गावी चाललेल्या एका मुलाकडून परमेश्वरनं गेमचा जुना डबा घेतला होता, त्यात मोटारींची एकच शर्यत होती. पहिले दोन गुरुवार तो जिंकला. तिसऱ्या गुरुवारी मी जिंकले आणि मग त्याला दोन वर्षं जिंकू दिलं नाही. उजवी तर्जनी रेसवर ठेवायची आणि वळणावरसुद्धा उचलायची नाही, एवढंच माझं तंत्र. आई फोनवर विचारायची, "काय करायलात?" मी म्हणायचे, "तुझ्या लेकाला धुवायलेय."

हात गेला आणि परमेश्वरनं तो डबा टॉवेलात गुंडाळून माळ्यावर टाकला. त्यानंतर महिनाभरात त्यानं कारखानाही सोडला. जवळच एका पॅकिंगच्या शेडमध्ये लागला. हातात कला असलेला माणूस दिवसभर खोक्यांना चिकटपट्ट्या लावत होता. प्रेसचा आवाज आला तरी रस्ता बदलायचा. का, ते सांगायचा नाही. मला वाटायचं, बहिणीचं रक्त पाहिलंय, घाबरलाय, होईल हळूहळू ठीक.

ठीक झाला नाही. उलट, अपघाताच्या आधी त्यानं चाकणच्या एका मोठ्या कंपनीत परीक्षा दिली होती, तिचं पत्र आलं. टूलरूममध्ये दोन वर्षांचं शिक्षण, डाय बनवायचं. पगारासकट. लहानपणापासून पत्र्याचे तुकडे कापत बसलेल्या पोराला यापेक्षा काय हवं? सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता. त्यानं ते पत्र वाचलं, घडी घातली आणि पिठाच्या डब्याखाली ठेवलं.

"कळवलास का?" मी रोज विचारायचे.

"बघू."

"काय बघू? पंचांग बघायचंय का?"

"आक्का, बघू म्हणलं ना."

आणि बुधवारी संध्याकाळी मला म्हणतो, उद्या पुण्याला जाऊ, तुला नवा रिमोट घेऊ, एका हातानं चालणारा. मला असा राग आला! याला माझा हात दिसत होता, स्वतःचे पाय खड्ड्यात चाललेले दिसत नव्हते. मी अट घातली. "येते. पण परत यायच्या आत तू चाकणला होकार कळवायचा." तो म्हणाला, "बघू." मी डब्याखालचं पत्र काढून पर्समध्ये टाकलं आणि निघाले.

ते दुकान बुधवार पेठेत, तापकीर गल्लीच्या एका बोळात, अंधाऱ्या जिन्यावर होतं. चार माणसं उभी राहिली की पाचव्यानं जिन्यात थांबायचं. काउंटरमागची बाई बोहरी होती, टोपडं आणि झगा असा रंगीत रिदा घातलेली, पस्तिशीची. समोर सोल्डरिंगचं पेन, उघडून ठेवलेले कंट्रोलर, बारीक स्क्रूंची वाटी. भिंतीवर एक टीव्ही. पाटीवर तिच्या वडिलांचं नाव होतं, पण दुकान तीच चालवत होती. झैनब तिचं नाव. पुण्यातच जन्मलेली, त्यामुळे बोलणं कसं असणार ते सांगायला नको.

तिनं तीन कंट्रोलर काउंटरवर मांडले.

"हा साधा. यात काही बदलता येत नाही, कंपनीनं जे दिलं ते दिलं. तुमच्या कामाचा नाही." तिनं तो लगेच बाजूला सारला. "हा एका हाताचा. सगळी बटणं एकाच बाजूला. आणि हा तिसरा. याच्या कुठल्याही बटणाचं काम कुठल्याही बटणाला देता येतं. रेस डावीकडे हवी? डावीकडे. ब्रेक अंगठ्याला हवा? अंगठ्याला. पाठीमागे या दोन पट्ट्या आहेत, त्यांनाही काम लावता येतं. कॉम्प्युटर लागत नाही, हे मधलं बटण धरून ठेवलं की झालं."

"एका हाताचाच द्या," परमेश्वर म्हणाला.

"त्यांना चालवू तर द्या," झैनब म्हणाली.

तिनं टीव्हीवर शर्यत लावली. मी एका हाताचा कंट्रोलर डाव्या हातात घेतला. माझा डावा हात म्हणजे जन्मभर पातेल्याचा कान धरलेला हात. त्याला रेस कळेना, ब्रेक कळेना. गाडी सुटली ती थेट कठड्यावर. पुन्हा लावली, पुन्हा कठड्यावर. तिसऱ्यांदा उलट्या दिशेनं पळाली.

"सवय होईल," परमेश्वर हळूच म्हणाला.

"कुणाला, कठड्याला?"

झैनब हसली. तो हसला नाही. पूर्वी हसला असता.

"तिसरा बघू या," झैनब म्हणाली. "हात दाखवत नाही म्हणता, तर मी अंदाजानं करते. उजव्याचं काम सगळं डावीकडे आणते." ती बटणं बदलत गेली, बोलत गेली. "या गेममध्ये जोरात पळायला दोन बटणं एकदम दाबावी लागतात, डावं आणि उजवं. ते तुम्हाला नाही जमायचं. मी दोन्ही एकावर टाकते. डावं एक दाबलं की मशीनला वाटेल दोन दाबली. उजवा हात लागायलाच नको."

"नको."

परमेश्वर इतक्या जोरात म्हणाला की जिन्यात थांबलेलं एक गिऱ्हाईक आत डोकावून गेलं.

"काय झालं?" झैनबनं विचारलं.

"ते तसं करू नका. दोन असतील तर दोनच ठेवायची. एकावर टाकायचं नसतं ते."

"दादा, गेम आहे हा."

"माहीत आहे मला गेम आहे ते."

त्याच्या कपाळावर घाम आला होता. काउंटरची कड त्यानं दोन्ही हातांनी धरली होती आणि वाटीतले स्क्रू बारीक वाजत होते. मी त्याला इतकी वर्षं ओळखते. पडला, आपटला, बापाचा मार खाल्ला, तरी हा पोरगा असा थरथरलेला मी पाहिला नव्हता.

"परम्या, खाली बस," मी म्हणाले.

"आक्का, ते मी केलतं."

"काय केलतास?"

"तेच. या मॅडम करायल्यात तेच. सुपरवायझर म्हणला, माल मागं पडायलाय, एक बटण शॉर्ट कर. मी आत वायर टाकली. पाच मशीनला. एकच बटण दाबलं की मशीन पडायचं. तुझ्या सात नंबरला पण." तो माझ्याकडे बघत नव्हता, त्या कंट्रोलरकडे बघत होता. "मग तू म्हणलीस ना, हे काय बरं न्हाई, काढ ते. मी शनिवारी सगळे जेवायला गेल्यावर काढल्या वायरी. पण सातची काढली का न्हाई, ते मला आठवंना. चार पक्क्या आठवतात. सातची आठवंना. सोमवारी तुझा हात गेला. परत जाऊन बघावं म्हणलं, तर साहेबानं इन्स्पेक्टर यायच्या आत सगळ्या मशीनची वायरिंग बदलून टाकलेली. आता कुणाला विचारू? रोज डोक्यात ती शनिवारची दुपार फिरवतो. एकदा वाटतं काढली, धा वेळा वाटतं न्हाई काढली. तुझा हात मी खाल्लाय, आक्का. आणि तू म्हणतीस चाकणला जा, डाय बनव."

झैनबनं टीव्हीचा आवाज बंद केला.

माझ्याबद्दल गावात म्हणतात, रंजनाच्या तोंडात तीळ भिजत नाही. खरं आहे. कुणाचं काय कुठं चाललंय, मी संध्याकाळपर्यंत पोटात ठेवू शकत नाही. पण एक तीळ मी सहा महिने तोंडात धरून बसले होते, आणि तो फक्त माझाच आहे, त्याचा त्रास मलाच होतोय, असं मला खुशाल वाटत होतं.

मी उजवा हात ओढणीतून बाहेर काढला.

परमेश्वरनं पाहिलं आणि मान फिरवली. मग पुन्हा पाहिलं. अंगठा आणि करंगळी, मध्ये शिवणीची गुलाबी रेघ. मी तो हात डोक्यामागे नेला आणि अंबाड्यातली काळी पिन अंगठा-करंगळीच्या चिमटीत धरून ओढली. हे मी मोरीत दार लावून खूपदा केलं होतं. लोकांसमोर पहिल्यांदा. पिन मी काउंटरवर ठेवली.

"सातची वायर तू काढली होतीस," मी म्हणाले.

"तुला काय माहीत?"

"कारण सोमवारी सकाळी मी डावं बटण दाबलं आणि मशीन पडलं न्हाई. दोनदा दाबलं. तीनदा दाबलं. तुला शिवी दिली मी. म्हणलं, आला मोठा शहाणा, म्हणलं की लगेच काढून मोकळा."

त्यानं काउंटरची कड सोडली.

"दोन्ही हातांनी दाबायचं म्हणजे वेळ लागतो. अकरापर्यंत मी पार मागं पडले. बाजूची मालन माझ्याकडं बघून हसायली. मी सगळ्यात फास्ट, आणि मालन हसायली! मग मी ही पिन काढली."

मी तिसरा कंट्रोलर उचलला. त्याचं उजवं बटण दाबलं आणि वरच्या फटीत पिन खोचली. बटण दाबलेलंच राहिलं. मी बोट काढलं तरी टीव्हीवरची गाडी जागच्या जागी चाकं फिरवत होती.

"हे असं. उजवं बटण पिनेनं अडकवलं. उजव्या हातानं माल ठेवायचा, डाव्यानं बटण मारायचं. आपल्या लाइनीतल्या सगळ्या बाया करतात, वायर असो नसो. तुला दिसू नये म्हणून तू आलास की काढतात. तासभर लई भारी चाललं. मालनच्या पुढं गेले. मग एक तुकडा वाकडा बसला, तो मी नीट करायला गेले, आणि डावा हात सवयीनं बटणावर पडला."

"पिन कुठं होती मग? मी आलो तवा बटणाला काहीच नव्हतं."

"मालननं काढली. माझ्या केसात परत खोचली. कानात म्हणली, तोंड उघडू नको, सगळं तुझ्यावरच येईल. तुम्ही मला रिक्षात घातलं, तवा ती माझ्या डोक्यातच होती. तिथून आजपर्यंत डोक्यातच हाय. टाकून द्यायचं धाडस झालं न्हाई, आणि लपवायला दुसरी जागा सुचली न्हाई."

मला वाटलं होतं, हे ऐकून त्याच्या डोक्यावरचा धोंडा उतरेल आणि तो रडेल. मी तर रडायच्या तयारीतच होते. पण त्याचा चेहरा लाल होत गेला.

"सहा महिने," तो म्हणाला. "सहा महिने मी भाकरी गिळू शकलो न्हाई, आक्का. तू समोर बसून जेवायलीस."

"मला काय माहीत, तुझ्या मनात हे..."

"विचारलंस का एकदा तरी? बघू म्हणलं की पंचांग काढतीस. जीभ हाय का कात्री?"

आणि तो जिना उतरून गेला. धाडधाड. मी हाक मारली, तो थांबला नाही.

खरं सांगते, हात गेला त्या दिवशी मला एवढी भीती वाटली नव्हती. त्या दिवशी परमेश्वर माझ्यासोबत होता. आज तोच उठून गेला होता, आणि त्याचं काही चुकलंही नव्हतं. हा तरुण पोरगा माझ्या एका पिनेपायी खोकी चिकटवत म्हातारा होणार, आणि पुन्हा माझ्याशी बोलणारही नाही, असं मला तेव्हा स्पष्ट दिसलं.

झैनबनं पाण्याचा पेला पुढं केला. मी डावा हात पुढे केला, तर तिनं पेला मागे घेतला.

"उजवा वर आलाच आहे, तर राहू द्या आता वर," ती म्हणाली.

मी उजव्या हातानं पेला घेतला. थोडं पाणी सांडलं. तिनं फडक्यानं पुसलं आणि माझा हात सरळ दोन्ही हातांत धरून उलटासुलटा करून पाहिला, कंट्रोलर पाहावा तसा. कीव नाही, अरेरे नाही. मला सहा महिन्यांत कुणी असा हात लावला नव्हता.

"अंगठा वाकवा. हं. करंगळी? दाबा माझ्या बोटावर. आणखी जोरात. अरे, ही तर दणकट आहे! अंगठा शाबूत म्हणजे अर्धं राज्य शाबूत. आणि तुमचे भाऊ एका हाताचा मागत होते."

"त्यानं पाहिला नव्हता ना."

"दाखवल्याशिवाय कसा पाहणार?"

तिनं बटणातली पिन काढून बाजूला ठेवली आणि कंट्रोलर माझ्या दोन्ही हातांत दिला. अंगठा वरच्या चार बटणांवर बरोबर बसला. बोटं नव्हती तिथं कंट्रोलर घसरत होता, तर तिनं सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून मुठीला गुंडाळला. मग करंगळी पाठीमागं कुठं टेकते ते पाहिलं. ती बरोबर मागच्या पट्टीवर टेकत होती.

"रेस कुठलं बोट देत होतं?"

"हे," मी म्हणाले, आणि जिथं तर्जनी नव्हती ती जागा दाखवली.

"आता ते काम करंगळीला. देते?"

"आणि ते दोन एकदम दाबायचं?"

ती थांबली. "एकावर टाकू? तुम्हाला तेच सोपं पडेल."

"नको," मी म्हणाले. "एक डाव्याला, एक करंगळीला. दोन्ही लागू देत."

तिनं मधलं बटण धरलं, मग पट्टी दाबली, छोटा दिवा दोनदा लुकलुकला. एवढंच. मी करंगळीनं पट्टी दाबली, टक्क आवाज आला आणि गाडी सुटली. पहिलं वळण गेलं. दुसऱ्याला कठडा. पण तिसऱ्यांदा दोन वळणं गेली, चौथ्यांदा पूल गेला. माझी करंगळी दुखायला लागली आणि मला ते दुखणं इतकं आवडलं की काय सांगू! सहा महिने तो हात नुसता दुखत होता. आता काम करून दुखत होता.

अर्धा तास झाला असेल. जिन्यावर पावलं वाजली. या वेळी हळू.

परमेश्वरनं तोंड धुतलं होतं, शर्टाची कॉलर ओली होती. तो काउंटरपाशी आला, माझ्याकडे न बघता पिन उचलली, दुसरा एक तसलाच कंट्रोलर घेतला आणि मागच्या पट्टीत पिन घालून पाहू लागला. वरून घातली, खालून घातली. सेटर तो सेटरच.

"याच्यात अडकंना," तो म्हणाला.

"पट्टीला फटच नाही," झैनब म्हणाली. "नाही अडकणार."

"हं." त्यानं पिन खिशात टाकली. मग मला म्हणाला, "मी तुला माफ-बिफ केलेलं न्हाई."

"मी अजून मागितलीच कुठं?"

"मग माग की."

"माफ कर, परम्या," मी म्हणाले. "तुला सहा महिने जाळलं मी. मला माहीत नव्हतं, पण मला दिसायला पायजे होतं. तू माझा हात न्हाई खाल्लास. तू तर वाचवायला वायर काढली होतीस."

त्यानं नाक ओढलं. "शिवी कुठली दिलीस त्या दिवशी?"

मी सांगितली. झैनबनं कानावर हात ठेवले. आणि तो हसला. फार नाही, तोंडाच्या एका कोपऱ्यातून, पण मी ते हसणं मोजणीत धरलं.

मी पर्समधून पत्र काढलं. "हे घे. सोमवारच्या आत..."

"कळवलं मी."

"कधी?"

"आत्ता, खाली. बोळाच्या तोंडाशी उभा राहून फोन लावला. म्हणले, सोमवारी साडेआठला या."

"पण पत्र तर माझ्याकडं हाय. नंबर कुठला लावलास?"

"पाठ होता," तो म्हणाला, आणि भिंतीवरच्या टीव्हीकडे बघायला लागला.

म्हणजे हे पत्र त्यानं डब्याखालून किती वेळा काढून वाचलं असेल? पीठ मळताना मला एकदाही कळलं नाही. मी ओढणीनं डोळे पुसले. ती ओढणी आता नुसती ओढणीच होती, हातावर घ्यायची कुणाला आठवणही राहिली नाही.

पुढं परमेश्वर डायमेकर झाला. माल ठेवायला हात आत घालावाच लागू नये, तुकडा घसरगुंडीवरून आपोआप जागी बसावा, अशा डाय तो बनवतो. ती काळी पिन त्याच्या हत्यारांच्या पेटीत असते. नव्या पोरी प्रेसवर आल्या की पहिल्या दिवशी तो ती काढून दाखवतो आणि विचारतो, ही कशाला वापरतात? पोरी म्हणतात, केसांना. तो म्हणतो, बरं, तसंच राहू द्या. मी एका दुकानात बिलं बनवते, दोन्ही हातांनी.

पण त्या दुपारी यातलं काही आम्हाला माहीत नव्हतं. त्या दुपारी झैनबनं दुसरा कंट्रोलर परमेश्वरच्या हातात दिला आणि म्हणाली, "घ्यायच्या आधी नीट तपासून बघा, नंतर बदलून मिळणार नाही." पाटीवरही तसंच लिहिलं होतं. दोन गाड्या रेघेवर उभ्या राहिल्या. पडद्यावर आकडे उलटे पडायला लागले.

परमेश्वरनं सवयीनं, कसला विचार न करता, बाजूला बघून विचारलं, "हात बाहेर?"

मग काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं आणि तो गोरामोरा झाला. मी कंट्रोलर काउंटरवर ठेवला, दोन्ही हात छातीपाशी धरले. सात बोटं, त्याला मोजता येतील अशी.

"बाहेर," मी म्हणाले.

शर्यत सुटली. पहिल्या वळणावर तो पुढं होता, पुलावर आम्ही बरोबरीनं होतो. शेवटच्या सरळ रस्त्यावर मी करंगळी उचललीच नाही. तो दोन गाड्यांच्या अंतरानं हरला.

"मुद्दाम हरलास का?" मी विचारलं.

"न्हाई," तो चिडून म्हणाला. "आणि एकदा लाव."